दहापैकी दहा चूक

“तुझं नाव काय?”

“भरतेश आदगोंडा मगदूम. मुक्काम जयसिंगपूर.”

मी त्याच्या मांडीवर चापट मारली. जोरात नव्हे, पण मारली. “काय सांगितलं होतं? नाव विचारलं की काय म्हणायचं?”

“माहीत नाही म्हणायचं.”

“मग?”

“पण मला माहीत आहे की, अक्का.”

आठ दिवस आमच्या स्वयंपाकघरात हेच चाललं होतं. तो पाटावर, मी समोर, मध्ये निवडायला घेतलेल्या तांदळाचं ताट. माझ्या भावाला तेव्हा अठरा पूर्ण झाली होती आणि मी सव्वीसची. जन्मला तेव्हा तो रडलाच नव्हता म्हणे बराच वेळ. तेवढ्या वेळात काय व्हायचं ते होऊन बसलं. चालला उशिरा, बोलला उशिरा. शाळेनं दोन वर्षं ठेवून घेतला आणि मग हात जोडले. तेव्हापासून मी त्याला घरी शिकवत आले. मी गावातच बालवाडी चालवायची, शिकवायची खाज मला पहिल्यापासून. त्याला आपलं पूर्ण नाव आणि गाव सांगता यायला दीड वर्ष लागलं होतं. दीड वर्ष! त्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटले होते. आणि आता तेच नाव त्यानं सांगितलं म्हणून मी त्याला मारत होते.

झालं होतं ते असं. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर त्यांची निम्मी पेन्शन आईला मिळायची आणि त्यावर घर चालायचं. पण आईच्या दोन्ही किडन्या संपत आल्या होत्या. पाय असे सुजायचे की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. ती गेली की पेन्शन बंद. एकच वाट होती. मुलगा अपंग आहे, स्वतःचं पोट भरू शकत नाही, असा दाखला सरकारी दवाखान्यातून मिळाला तर तीच पेन्शन पुढं जन्मभर त्याला.

ही वाट दाखवली जिनदत्तमामांनी. ते पेन्शनच्याच कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. जाता जाता उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “त्रिशला, एक ध्यानात ठेव. पोरानं तिथं हुशारी दाखवली तर कागद गेला. मग बसा बोंबलत.”

आणि आमचं पोर त्याच वर्षी हुशारी दाखवायला लागलं होतं, काय सांगू!

गावाबाहेर चौगुलेकाकांची रोपवाटिका होती. टोमॅटो, वांगी, ढबू मिरची यांची रोपं ते शेतकऱ्यांना तयार करून द्यायचे. काळ्या प्लॅस्टिकचे ट्रे, एका ट्रेत अठ्ठ्याण्णव खळगे. प्रत्येक खळग्यात नारळाचा भुसा भरायचा, बोटानं दाबायचा आणि बरोबर एक बी टाकायचं. टोमॅटोचं बी म्हणजे केवढं! बायका बोलत बोलत काम करायच्या, कुठं दोन पडायची, कुठं खळगा रिकामा राहायचा. भरतेश बोलत नसे. जीभ ओठांत धरून एकेक बी टाकत जायचा. सहा महिन्यांत काकांनी त्याचे ट्रे तपासणं सोडून दिलं. घरी येऊन आईला म्हणाले, “वहिनी, ह्याच्या ट्रेत खोट निघत नाही बघा. पाडव्यापासून रीतसर रजिस्टरवर घेतो. बाकीच्यांना जे मिळतंय तेच ह्याला.”

त्या रात्री भरतेश जेवला नाही. आनंदानं. “मी कामगार,” एवढंच म्हणत घरभर फिरत राहिला.

पण रजिस्टरवर नाव चढलं की दाखला नाही. ‘पोट भरू शकत नाही’ असं कोण लिहून देणार मग?

मी आईला म्हटलं, “किती खूश आहे तो, बघतेस ना. राहू दे की हे.”

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “चौगुले आज साठीचा आहे. उद्या तो बसला घरात, की त्याचा पोरगा ह्याला ठेवून घेईल? सांग. सरकार तरी कुठं पळून जात नाही.”

“पण त्याला खोटं बोलायला शिकवायचं, आई? तूच त्याला शिकवलंस ना, खोटं बोलू नये म्हणून?”

“पाप लागायचं ते मला लागू दे. तू शिकव.”

आमची आई चातुर्मासात सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायची नाही. तिनं असं म्हटल्यावर मी दुसऱ्या सकाळी पाट मांडला.

आणि माझा त्यात काही स्वार्थ नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले. होता. अभिनंदनशी माझं जमलेलं होतं आणि त्याच्या आईनं अगदी गोड बोलून विचारलं होतं, “भावाचं पुढं काय ठरवलंय?” त्या प्रश्नाचं उत्तर मला कागदावर हवं होतं, सहीशिक्क्यासकट. शिवाय मी मनाशी गणित बांधलं होतं की दाखला मिळाल्यावर काकांना सांगायचं, रजिस्टर नको, नुसता येत जाऊ दे. म्हणजे पेन्शनही राहील आणि त्याचं कामही. दोन्ही हातांत लाडू.

“खोटं बोलायचं?” भरतेशनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“खोटं नव्हे रे. तिथल्यापुरतं. खेळ समज.”

“कोण कोण खेळायचं?”

“तू आणि मी. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.”

“कोण जिंकणार?”

“आपण.”

मग तो तयार झाला. आठव्या दिवसापर्यंत अडखळत होता, दहाव्या दिवशी एकदम साधलं. नाव काय, माहीत नाही. आज वार कुठला, माहीत नाही. गाईला पाय किती? यावर मात्र त्याला हसू फुटायचं. “चार आहेत की गं,” असं हळूच म्हणायचा आणि मग मोठ्यानं, “माहीत नाही!”

जायच्या दिवशी मी मुद्दाम त्याला जुना शर्ट घातला आणि केसांना तेल लावलं नाही. एसटीत तो खिडकीशी बसला.

“अक्का, परत कधी यायचं? उद्या ढबूचे ट्रे आहेत. काकांनी सांगितलंय, ढबूचं बी महाग असतंय, भरतेशच टाकणार.”

“संध्याकाळपर्यंत येतोय. गप बस आता. आणि तिथं ढबूचं नाव काढायचं नाही.”

“खेळ चालू झाला?”

“झाला.”

तो लगेच तोंड मिटून बसला.

दवाखान्यात दोन तास बाकड्यावर गेले. मग एका लहानशा खोलीत बोलावलं. खोलीला दार नव्हतं, हिरवा पडदा होता. आत एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, सुती साडी, चष्म्याला दोरी. मनाची तपासणी करणाऱ्या डॉक्टर. त्यांनी भरतेशला समोर बसवलं आणि मला त्याच्या बाजूला.

“नाव काय बाळ तुझं?”

“माहीत नाही.”

“कुठून आलास?”

“माहीत नाही.”

“बरं. गाईला पाय किती असतात?”

मला वाटलं, आता हा हसतोय. पण हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, “माहीत नाही.”

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. “आणि ह्या कोण?”

हे मी शिकवलंच नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भरतेशनं माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ ‘अ’ म्हणायला उघडले होते. मी मान खाली घातली. त्याला काय कळायचं ते कळलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

मला इतकं लागलं ते! माझाच विद्यार्थी, माझाच धडा, आणि मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

मग बाईंनी टेबलाखालून एक लाकडी फळी काढली. तिच्यात वेगवेगळ्या आकारांचे दहा खळगे होते. गोल, चौकोन, चांदणी, अर्धा चंद्र, असे. आणि त्यात बसणारे दहा ठोकळे सुटे. “हे ज्याचं त्याच्यात बसवायचं,” बाई म्हणाल्या.

भरतेशचा चेहरा उजळला. खळगे म्हणजे त्याचं रोजचं काम. त्यानं गोल ठोकळा उचलला आणि हात सरळ गोल खळग्यावर गेला. बोटभर अंतरावर थांबला. तो माझ्याकडे बघतोय हे मला न बघता कळत होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग खट् असा आवाज आला. त्यानं गोल ठोकळा चांदणीवर ठेवला होता. मग चांदणी चौकोनावर. अर्धा चंद्र गोलावर. प्रत्येक वेळी हात आधी बरोबर जागी जायचा, थांबायचा, आणि मग दुसरीकडे वळायचा. दहा ठोकळे ठेवून होईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता. ट्रे भरताना त्याला कधी घाम आलेला मी पाहिला नव्हता.

“शहाणा आहेस. जा, बाहेर बाकावर बस,” बाई म्हणाल्या. तो उठून पडद्याबाहेर गेला.

बाईंनी फळी माझ्यापुढं सरकवली. “किती चुकले?”

“सगळेच.”

“दहापैकी दहा. ताई, मी बावीस वर्षं ही फळी पोरांच्या पुढं ठेवते आहे. ज्याला खरंच कळत नाही ना, त्याचे दोन-तीन तरी चुकून बरोबर पडतात. दहाच्या दहा चुकवायचे, तर दहाच्या दहा माहीत असावे लागतात.”

मी चांदणीवरचा गोल ठोकळा उचलून उगाच हातात धरला.

“घरी कोण शिकवतं ह्याला?”

“मी.”

“चांगलं शिकवलंय.” त्या रागावल्या नव्हत्या, हे आणखी वाईट. “नखांत त्याच्या भुसा आहे. कुठं कामाला जातो?”

“कुठं नाही. दारात कुंड्या आहेत आमच्या, त्यातलाच.”

त्यांनी चष्मा काढून छातीवर सोडला. “हे बघा, घरोघरच्या अडचणी मला माहीत आहेत. तुम्हाला पेन्शनसाठी कागद हवाय, त्यात गैर काही नाही. आज जे दिसलं ते मी लिहिलं तर तुमचा कागद होतो. नाहीतर पुढच्या मंगळवारी ह्याला पुन्हा घेऊन या. तुम्ही बाहेर थांबायचं, मी ह्याच्याशी एकटी बोलेन, मग जे असेल ते लिहीन. तेव्हा कागद होईल, न होईल, मी सांगत नाही. तुम्ही त्याची बहीण. तुम्हीच सांगा, ह्याला काही येतं का?”

मला आईचे पाय दिसले. अभिनंदनची आई दिसली, तिचं ते गोड हसणं. चौगुलेकाकाही दिसले, नाही असं नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत आई टिकेल की नाही याचीच खात्री नव्हती. मी पदर सावरला आणि बालवाडीत बोलते तशी मोठ्यानं, स्वच्छ बोलले.

“नाही हो बाई. काही येत नाही त्याला. जन्मापासून मीच बघतेय. शर्ट मी घालायचा, घास मी भरवायचा. काही म्हणजे काही कळत नाही. कुणाच्या उपयोगाचा नाही तो. आमच्यामागं ह्याचं काय होणार, ह्या विचारानं मला झोप लागत नाही.”

आणि मला रडू कोसळलं. ते रडणं काही सोंग नव्हतं. बोलले ते खोटं होतं आणि रडले ते खरं होतं, आणि दोन्ही असं एकात एक मिसळलं की माझं मलाच वेगळं करता येईना.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग पेन उचलून म्हणाल्या, “बरं. जे दिसलं ते लिहिते.”

बाहेर आले तर भरतेश पडद्याला लागूनच, बाकाच्या अगदी कडेला बसला होता. मी डोळे पुसले आणि त्याच्या कानाशी म्हटलं, “जिंकलो रे आपण!”

तो उठला आणि माझ्या मागून चालू लागला. स्टँडवर मी त्याच्या आवडीचा भडंगाचा पुडा घेतला. गावापर्यंत तो पुडा त्याच्या मांडीवर तसाच राहिला. मला वाटलं, दमलाय. दिवसभर पोर उपाशी, दमायचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा डबा भरला. रोज सातला तो चपला घालून दारात उभा असायचा आणि “अक्का, डबा! अक्का, उशीर!” करून गल्ली उठवायचा. सात वाजून गेले तरी हाक नाही. जाऊन बघते तर कॉटवर बसलेला. अंगात रात्रीचेच कपडे.

“उठ की रे. ढबूचे ट्रे आहेत ना आज?”

“मला येत नाही.”

“काय येत नाही?”

“काही येत नाही.”

मला हसू आलं. “अरे वेड्या, खेळ संपला कालच. जिंकलो की आपण. चल, आटप.”

“खेळ नव्हता.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता, एकेक शब्द जुळवून. “खेळ तुझा-माझा. मी बाहेर होतो. मी नव्हतो तिथं, तरी तू बाईंना सांगितलंस. काही येत नाही. कुणाच्या उपयोगाचा नाही.”

“ते खोटं होतं, भरतेश. बाईंना खोटं सांगितलं मी.”

“तू रडलीस. खेळात कोण रडतंय?”

शेजारच्या खाटेवर आई पडून होती. तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी त्याच्यासमोर खाली बसले. त्याचे दोन्ही हात धरले. “माझ्याकडे बघ. तुला सगळं येतं. नाव येतं, वार येतो, ट्रे भरायला तर सगळ्यांत चांगलं तुलाच येतं. काल मी खोटं बोलले. चुकलं माझं.”

तो बघत राहिला. विचार करताना तो कपाळ आक्रसून घ्यायचा, तसं घेतलं. बराच वेळ लागला त्याला.

“अक्का, काल खोटं बोललीस, का आत्ता बोलायलीस?”

मी काल म्हटलं. शंभरदा म्हटलं असेल. आईची शपथ घेतली, अण्णांच्या फोटोवर हात ठेवला. प्रत्येक वेळी तो मान हलवायचा आणि जागचा हलायचा नाही. शेवटी मी चिडले. माझा स्वभावच तो. मनगटाला धरून त्याला उठवलं, शर्ट घातला आणि ओढत रोपवाटिकेवर घेऊन गेले. चौगुलेकाकांनी त्याला बघून नेहमीसारखी आरोळी दिली, “या साहेब, तुमचीच वाट बघतोय!” आणि भुसा भरलेला ट्रे पुढं ठेवून त्याच्या हातात बियांचं पाकीट दिलं.

भरतेशनं ते पाकीट दोन्ही हातांनी काकांना परत दिलं.

“काका, चुकंल,” तो म्हणाला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “काय केलंस गं पोरी तू?”

मला सांगता आलं नाही. आज ते मी पहिल्यांदाच सांगते आहे.

आई त्या दिवाळीच्या आधी गेली. दाखला झाला होता, पेन्शन भरतेशच्या नावावर झाली. माझं लग्न झालं, भरतेश आमच्याकडेच असतो, त्याला कुणी एका शब्दानं दुखवत नाही. अभिनंदन माणूस चांगला निघाला. काका वर्षभर सायकलवरून येत राहिले. दारात उभे राहून म्हणायचे, “ट्रे तसेच पडलेत रे, भरतेश.” तो आत जाऊन बसायचा. मग तेही यायचे थांबले. चोवीस वर्षांत त्यानं एकदाही बी हातात धरलेलं नाही. चहाचा कप उचलायच्या आधीसुद्धा माझ्याकडे बघतो.

दर नोव्हेंबरात मी त्याला बँकेत नेते. पेन्शनवाला हयात आहे आणि काही कमावत नाही, हे वर्षातून एकदा समक्ष जाऊन लिहून द्यावं लागतं. यंदा खिडकीत नवीन मुलगी होती, हसतमुख. तिनं फॉर्म वाचला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “काही कामधंदा करतात का हे?”

मी तोंड उघडायच्या आत भरतेश पुढं झाला. ताठ उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “भरतेश आदगोंडा मगदूम. मला काही येत नाही. मी कुणाच्या उपयोगाचा नाही.”

“अय्या, किती स्पष्ट बोलतात हो काका!” मुलगी म्हणाली. “मग ह्यांना झालंय तरी काय?”

मी तिच्यापुढचं पेन उचललं आणि विचारलं, “सही कुठं करायची, बाळ?”